रिकामा फिंजान

प्रिय अब्बा,

आज सालिम कॉफी घेऊन आला, म्हणून लिहायला बसले. तुमच्या जुन्या दोस्ताचा, अबू सालिमचा मुलगा. लढाई संपली, तरी तेलविहिरी अजून जळताहेत. इथं आमच्या खैतान भागात भरदुपारी दिवा लावावा लागतो. तशात हा वडिलांची पितळी किटली घेऊन दारात!

तुमची गोष्ट त्यानंच काढली. रत्नागिरीहून गलबतानं आलेले तुम्ही, वाळवंटाच्या कडेला कोकरांची लोकरी कातडी घ्यायला पहिल्यांदा त्यांच्या तंबूत बसलात. फिंजान, म्हणजे तो बिनकानाचा चिमुकला कप, नुसता पुढे केला की पुन्हा भरतात; पुरे असेल तर हलवून परत द्यायचा. तुम्हाला कुठं ठाऊक? नको म्हणणं वाईट दिसेल म्हणून पीतच राहिलात. शेवटी अबू सालिमनंच तुमचं मनगट धरून हलवलं. म्हणाला, "अरे हिंदी, हलव की! कॉफीपायी माझे उंट विकायला लावतोस का?" तिथून दोस्ती जुळली आणि कातड्यांचा धंदाही.

मग आपलं नवं राज्य झालं नि गावी परतून तुम्ही आमदार झालात. प्रचारसभेतही हीच गोष्ट! पुढे पक्षाची माणसं पुन्हा उभं राहा म्हणत घरी आली, तेव्हा तुम्ही चहाचा रिकामा कप हलवून त्यांच्या हातात दिलात. बिचारे आणखी चहाची वाट बघत बसले. मला कॉन्व्हेंटात 'नो, थँक यू' शिकायला घातलंत, स्वतः मात्र ही रीत कधी सोडली नाहीत.

म्हातारपणी इथं माझ्याकडे राहायला आलात आणि पाठोपाठ इराकी रणगाडे आले. इस्पितळातल्या माझ्या सोबतच्या नर्सेस अम्मानच्या बसनं निघाल्या. तुम्ही म्हणालात, "जैनू, तू जा. मला हा रस्ता झेपायचा नाही." असं म्हणवलं तरी कसं तुम्हाला? मी जाणार होते का?

थंडीत तुम्ही अंथरूण धरलंत. तुमच्याच धंद्यातला तो लोकरी कातड्याचा झगा तुमच्या अंगावर घालून मी तुम्हाला पेज भरवायची. एक दिवस वाटी माझ्या हातातून घेतलीत आणि हलकेच हलवलीत.

मला कळलं, अब्बा. तरी मी ती पुन्हा भरली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि एक घोट घेतलात. माझ्यासाठी.

आज सालिम ओतत राहिला, मी पीत राहिले. फिंजान हलवायला हात होईना. किटली संपली तेव्हा तो उठला.

आता थोडे दिवस गावी जाऊन येते. तुमची कबर इथल्या वाळूत. तिच्याकडे सालिम बघेल. झगा सोबत नेते. परत आले की त्याच्या घरी बसेन, कॉफी घेईन आणि फिंजान हलवून त्याच्या हातात देईन. नक्की देईन, अब्बा.

तुमची,
जैनू