मोर्णेकाठची हवा आणि काळी घोंगडी

कार्तिक वद्य ३, शके १७८६. प्रातःकाळ.
आकोल्याची पंतोजीची नोकरी संपताच मोर्णेकाठच्या या नव्या पेठेत घर घेतले, ते केवळ शुद्ध हवेकरिता. निर्णय माझा एकट्याचा; म्हणून निर्दोष. अमेरिकेत लढाई जुंपल्यापासून कापसाचा भाव आकाशास भिडला असून व्यापाऱ्यांनी नदीच्या कोरड्या वाळूतही सरकी काढण्याच्या चरख्या मांडल्या आहेत. कापसाचे तूस हवेत उडते, असे लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात.
हिला खोकला. "तुमच्या नदीनं देल्ला," म्हणाली. नदी खोकला देत नाही.
परीक्षेसाठी नदीकडील ओसरीवर काळी घोंगडी टांगली. तूस पांढरे, घोंगडी काळी. हवेत दोष असल्यास लपणार नाही.

कार्तिक वद्य ४.
घोंगडीवर बरेच तूस आढळले. हा दोष हवेचा नव्हे, गृहव्यवस्थेचा. टांगण्यापूर्वी ती नीट झटकलेली नसावी. माझे स्नान आटोपण्यापूर्वी रोज ती स्वच्छ झालीच पाहिजे, अशी हिला सक्त ताकीद दिली.

कार्तिक वद्य ५.
घोंगडी काळीभोर. सिद्धान्त सिद्ध. 'वायुशुद्धी' या विषयावर निबंध लिहून शाळाखात्याच्या साहेबांकडे पाठविण्याचा संकल्प केला. शीर्षक लिहिले.

मार्गशीर्ष शुद्ध ११.
धुके. चरख्यांवरच्या मजुरांच्या शेकोट्यांचा धूर दुपारपर्यंत हलला नाही. घोंगडी मात्र स्वच्छ.
शेजारची गंगूबाई माळीण भाजी घेऊन आली. "पंतोजी, औंदा माह्या वांग्याले बी कापूस आला! तोडू का वेचू?" असे विचारून स्वतःच हसली. ही इतकी हसली की खोकून खाली बसली. अशिक्षित विनोदाचे हे परिणाम.
ही हल्ली दिवसभर वाती वळते. एवढ्या महागाईत विकतचा कापूस घरात नाही. तरी वाती आहेत. गृहिणीची काटकसर वाखाणण्याजोगी.

मार्गशीर्ष वद्य २.
ही म्हणाली, "अजी, जीव कोंडून राहिला. दुर्गीच्या सासरी चार दिवस जाऊन येतो ना मी." 'येतो' नव्हे, 'येते', कर्ता स्त्रीलिंगी आहे, हे समजावून दिले. मूळ विनंतीचा विचार सवडीने करू.

मार्गशीर्ष वद्य ६. सायंकाळ.
नांदगाव खंडेश्वराहून जावई खुशालराव छकडा घेऊन आले. दुर्गेने आईस आणावयास धाडले होते. म्हणाले, "मामाजी, आमच्या गावची हवा पुस्तकातली नाही, पण माणसाले दम घेता येते." मी त्यांचा हात धरून त्यांना ओसरीवर नेले व घोंगडी दाखविली. एक तंतू दाखवा, म्हटले. त्यांनी बोट फिरवून पाहिले; बोट कोरेच. ही दारात उभी होती. तिने घोंगडीकडे पाहिले, मग माझ्याकडे. जरा हसल्यासारखी वाटली.
संक्रांतीनंतर वारा फिरेल, तेव्हा पाठवीन, असे ठरले. छकडा रिकामा परत गेला. हिने बांधलेले गाठोडे सोडून लुगडी पुन्हा दांडीवर टाकली.

पौष शुद्ध १०.
हिला आडवे होता येत नाही. भिंतीस टेकून बसते. चिंचेचे सार बंद केले. खोकल्याचे मूळ तेच असावे.
तरीही पहाटे कोणाच्याही आधी उठते. घोंगडीत कसर नाही.

पौष वद्य ४.
संक्रांत झाली. वारा फिरला नाही, फिरेल. वैद्यबुवा म्हणाले, "बाईंची जागा बदला." तत्काळ बदलली. माजघरातून काढून नदीकडील ओसरीत निजविले. येथील हवेची परीक्षा मी स्वतः केलेली आहे.
ही म्हणाली, "बरं झालं. घोंगडी जवळ आली." हवेचे महत्त्व अखेर पटले.

माघ शुद्ध ४.
दुर्गेस बोलाविणे धाडले. घाबरण्यासारखे काही नाही. निबंधास आज प्रारंभ करणार होतो.

माघ शुद्ध १०.
पहाटे.

माघ वद्य ८.
तेरावा काल झाला. स्नान करून सवयीने ओसरीवर गेलो. घोंगडी पांढरी. दुसरीच कोणी टांगली असे वाटून दुर्गेस हाक मारली. म्हणाली, "तुमचीच हाय बाबा. आई गेल्यापासून कोन झटकते?"
गंगूबाई शिध्याचे सूप परत द्यावयास आली होती. तिने सांगितले, "झटकत नोती ते. बोटानं एक एक तूस वेचे, अन् त्याच्याच वाती वळे. म्या म्हटलं, काहून करता बाई, दिसू द्या ना त्यायले. तं म्हने, दिसलं तं घर सोडा लागन. हौसेनं घेतलं हाय त्यायनं."
तिच्या जागी तेरा दिवस दिवा तेवला. वाती कोणत्या, हे मी दुर्गेस विचारले नाही. वातींची टोपली कोनाड्यात रिकामी होती.
घोंगडी काढून ठेवावी, असे ठरविले. काढली नाही.
वारा कोणत्या दिशेचा, ते पाहिले नाही.