चाकाखालची लिंबं

शंकर नगर, रायपूर
१२ ऑक्टोबर २००३

चि. श्यामकांत यास,
तुला आणि मंजिरीला अनेक आशीर्वाद.

आम्ही इकडे बरे आहोत. आईचा डोळा ऑपरेशननंतर छान उघडला आहे. माझी दाढी कुठे कुठे राहिली तेही तिला आता दिसतं, त्यामुळे सकाळ जरा जड जाते.

पत्र पाहून दचकू नकोस. फोनवर सगळं आई बोलते आणि शेवटी रिसीव्हर माझ्या हातात देते. तू विचारतोस, "बाबा, गाडीची बॅटरी कशी आहे?" मी म्हणतो, "ठीक आहे." तू म्हणतोस, "बरं, ठेवतो." तू भोपाळला गेल्यापासून आपल्या दोघांचं बोलणं तेवढंच. काल मात्र तू म्हणालास, "काहून जीव टांगून ठेवता बाबा? बॅटरीची तार काढून ठेवा, नाहीतर विकून टाका ना गाडी." त्याचं उत्तर या पत्रात देतो.

आधी बॅटरीचं सांगतो, ते सोपं आहे. तू इथे ठेवून गेलेली गाडी नुसती उभी असली तरी थोडी थोडी बॅटरी खाते. जागच्या जागी पाच मिनिटं इंजिन फिरवून ती भरून निघत नाही, सुरू करतानाच जास्त जाते. म्हणून मी दर महिन्याला खिडकीतून वायर काढून पोर्चमध्ये चार्जर लावतो आणि हळूहळू भरू देतो. टोकांवर पांढरं साचलं की गरम पाण्याने धुऊन व्हॅसलीन लावतो. सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून वारा आला की बॉनेटवर काळी पूड बसते, तीही पुसतो. जन्मभर रेल्वेच्या डब्यांच्या बॅटऱ्या सांभाळल्या, एवढं तर येतंच.

तरीही ती उतरली. डोळ्यासाठी आम्ही नागपूरला मामाकडे गेलो आणि तिथे मुक्काम लांबला. निघताना आई म्हणाली होती, "तार काढून ठेवा, नाहीतर वापस येऊ तर बॅटरी बसलेली राहीन." मी हो हो म्हणालो आणि काढली नाही.

दसऱ्याला गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मला गाडी चालवता येत नाही, म्हणून लिंबं चिरडण्यापुरती ती पुढे घ्यायला शेजारचा चारुदत्त येतो. त्याने चावी फिरवली. नुसता टिक आवाज. "अंकल, धक्का मार देते हैं," तो म्हणाला. मी म्हटलं, "राहू दे." लिंबं तशीच राहिली. आई आत गेली. संध्याकाळी आपट्याची पानं हातात देताना म्हणाली, "तुमाले तर सारं समजते. मंग तार काहून नाही काढली?"

तिला मी काही सांगितलं नाही. तुला सांगतो.

आमच्या शेडमध्ये रोज धावणाऱ्या डब्याची तार कोणी काढत नसे. जो डबा बाजूच्या रुळावर नेऊन ठेवायचा, ज्याचं परत येणं कोणाला ठाऊक नाही, त्याची काढायचे. मी स्वतः कित्येक काढल्या. आपल्या पोर्चमध्ये पाना घेऊन दोनदा उभा राहिलो, हात चालला नाही. तू जाताना म्हणाला होतास, "महिन्याभरात येऊन गाडी घेऊन जातो." मी ते धरून बसलो आहे.

राज्य वेगळं झालं, तुमच्या खात्याची वाटणी झाली, तू पसंतीच्या जागी भोपाळ लिहून दिलंस. मंजिरीची शाळेतली नोकरी तिथे, नवरा-बायकोने दोन गावी काय म्हणून राहायचं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण ती बातमी मला तुझ्या साहेबांकडून कळली. तू घरात, माझ्यासमोर बसून जेवत होतास आणि मला परक्याकडून कळली. तेवढंच लागलं रे. भोपाळ नाही लागलं.

आता तेही लिहून झालं.

बॅटरी मी पुन्हा भरली आहे. गाडी पहिल्याच चावीत सुरू होते. सुकलेली लिंबं काढून आज चाकांखाली ताजी ठेवली. गाडी पुढे घेऊ का, असं चारुदत्त विचारून गेला, त्याला नको म्हटलं. दसरा होऊन गेला, आता कसली लिंबं, म्हणून आई हसते, पण हार तिनेच बदलला.

दिवाळीला ये. गाडी तूच पुढे घे. मग इथे ठेव किंवा भोपाळला ने, माझं काही म्हणणं नाही. रिकाम्या पोर्चची सवय होईल. पण श्याम, न्यायला तरी ये.

तार जोडूनच ठेवली आहे.

तुझा,
बाबा