चष्म्याची जागा

तीर्थरूप बाबा,
गिटार खाली ठेवून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. बेकरीतलं काम अंगवळणी पडलंय. बोटं जरा भाजतात, पण ते आईला सांगू नका.

तुम्ही व्हायोलिनवर वाजवायचात त्या लोकधुना मी गिटारवर बसवतेय. तुमचा गज सूर हवा तेवढा धरून ठेवतो. माझी तार छेडली की सूर लगेच विरतो. मग मधली जागा छोट्या सुरांनी भरते.

त्याच धुना वाजवणारी मंडळी इथे रविवारी जमतात. पहिल्यांदा गेले तेव्हा तिसऱ्या ओळीनंतर मी थांबले आणि बाकीचे पुढे निघून गेले. त्यांच्यातले म्हातारे फिडलवाले (व्हायोलिनला इथे फिडल म्हणतात) म्हणाले, "इथे कसलं थांबायचं?" मी ठासून सांगितलं, "आमच्याकडे असंच वाजवतात!"

खोलीवर येऊन तुमचा जुना व्हिडिओ पाहिला. अहो, तिथे तुम्ही घसरलेला चष्मा वर सारता! आणि मी लहानपणापासून ते थांबणं धुनेचाच भाग समजत होते.

खांदा कसा आहे? आई म्हणते, व्हायोलिन पेटीतून निघालंच नाही.

बाबा, इथे आता सगळेच तिथे थांबतात. रविवारी व्हिडिओ कॉल लावते, तुम्ही नुसता चष्मा वर करा. पुढचं मी वाजवते.

तुमची लाडकी (आईच्या मते लाडावलेली)
धाकटी