बैलाची मान आणि रोमन नऊ

बाबा, माझा तुमच्यावर संशय आहे. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली आणि तो आता कुठे आला, त्यामुळे समोरासमोर विचारायची सोय राहिली नाही. आधी तो दुसऱ्यांवर होता. चौकातल्या पोळा मंडळाच्या अध्यक्षांवर होता, आणि सावरगावच्या काकांवर तर इतका पक्का होता की मी सौंसरहून बस धरून त्यांच्याशी भांडायला गेलो होतो. फिरत फिरत तो तुमच्यापाशी येऊन बसला आहे आणि उठायला तयार नाही.

सगळं तुमच्या बैलापासून सुरू झालं. तान्ह्या पोळ्याचा आपल्या चौकातला लाकडी बैल, खऱ्या बैलाएवढा, सागवानी, चाकाच्या पाटावर उभा. आपापले छोटे बैल ओढत पोरं त्याच्याभोवती जमायची आणि पोळा झाला की तो सुटा होऊन देवळामागच्या खोलीत जायचा. त्यात एक खिळा नाही, तुकड्यात तुकडा अडकतो. आणि प्रत्येक तुकड्यावर जोडणीच्या क्रमानं तुम्ही पटाशीनं आकडा कोरलेला आहे, रोमन, कारण पटाशीला सरळ रेघ जमते. आपल्या पाचाचं पोट कोरत बसायला तुम्हाला वेळ नव्हता. तुम्ही होता तोवर तुम्ही बैल उभा केलात. नंतर काकांनी केला, म्हणजे तुमच्या हाताखाली काम शिकून ज्यांनी पांढुर्ण्यात फर्निचरचं दुकान टाकलं, त्यांनी. मग त्यांचे गुडघे गेले, दुकान पोरानं घेतलं, ते सावरगावला घरी बसले, आणि बैल खोलीतच पडून राहिला.

यंदा बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "नागपूरहून फायबरचा आणून टाकू. हलका, चकाचक. तो लाकडाचा पसारा देऊन टाकू कोणाले तरी, चुलीले कामी येईन." मी मागे बसलो होतो. मी उठून म्हटलं की मी उभा करतो. सगळे वळून पाहायला लागले. "तू? अरे, तू तं बस स्टँडवर फारम भरतं लोकाइचे," अध्यक्ष म्हणाले, आणि पिकलेला हशा पुरता ओसरल्यावर म्हणाले, "ठीक आहे. पोळ्याच्या आधीच्या रविवारी उभा दिसला तं ठेवू. नाही तं सोमवारी मी फायबरवाल्याले फोन करतो."

मी फॉर्म भरतो हे खरं आहे. पण प्रोग्राम लिहायलाही शिकलो आहे, कोणत्याही क्लासची पायरी न चढता, आणि जे शिकलो ते अर्धवट शिकलेलो नाही. खोलीत बसून प्रत्येक तुकड्यावरच्या खुणेचा फोटो काढला, धूळ ब्रशनं झाडून, उजेड एकाच बाजूनं येईल असा बसवून. घरी कॉम्प्युटरवर खुणा टाइप केल्या आणि रोमन आकड्यांचे साधे आकडे करणारा प्रोग्राम लिहिला. लेक मागून पाहून राहिली होती. "बाबा, एवढ्याशा लाकडांसाठी प्रोग्राम? बोटावर झालं असतं." मी तिला सांगितलं की माणसाचा डोळा त्याला पाहिजे ते वाचतो, प्रोग्राम जे आहे ते वाचतो. नियम तुम्हाला सांगतो, कारण भानगड त्यातच आहे. डावीकडून एकेक खूण घ्यायची आणि मिळवत जायचं. मात्र मोठ्या खुणेच्या आधी लहान खूण आली तर ती वजा करायची. म्हणून XI म्हणजे अकरा आणि IX म्हणजे नऊ. वर मी एक पहारा बसवला होता: आलेलं उत्तर प्रोग्रामनं पुन्हा रोमनमध्ये लिहायचं आणि तुकड्यावरच्या खुणेशी ताडून पाहायचं. जुळलं नाही तर पुढे "अमान्य" छापायचं. हा पहारा बहुतेक लोक बसवत नाहीत.

काही खुणा फोटोत उलट्या आल्या होत्या. IIX असं काही नसतं. फोटो फिरवला, XII झालं, प्रोग्राम खूश. पण काही तुकडे कसेही फिरवा, अमान्यच. एकावर चाराच्या जागी चार उभ्या रेघा, IIII. एकावर VIIII. एकावर XIIII. एकावर XVIIII. तिकडे खरे चार, चौदा, एकोणीस बेपत्ता. अकराही बेपत्ता. नऊ मात्र होता, IX, स्वच्छ, एका फटक्यात मान्य झालेला.

आता माझ्या जागी कोणी असता तर त्याला काय वाटलं असतं? चांगले सागवानी तुकडे कोणीतरी काढून नेले आणि त्यांच्या जागी दुसरे घालून वर अडाण्यासारखे आकडे खरडले. खोलीची किल्ली अध्यक्षांकडे. लाकडाची पारख काकांना. काकांच्या दुकानात दर्शनी भागात एक जुना सागवानी झोपाळा टांगलेला मी स्वतः पाहिलेला होता. खोलीला मी माझं कुलूप घातलं. अध्यक्षांनी विचारलं, "हे काहून?" मी म्हटलं, "असंच." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू किल्ली मीच पळवली.

तरी मंडळाच्या चार माणसांना हाताशी घेऊन जोडून पाहिला. पाय उभे झाले. अमान्य तुकडे मी बाजूला ठेवले होते, त्यांच्या जागी फळ्यांचे टेकू दिले. नववा तुकडा छातीत जायला पाहिजे, तो जाईना, खाच अरुंद आणि तुकडा रुंद. ठोकून बसवला. वर वशिंडाखालच्या ठोकळ्याची जागा, तीच अकरावी, रिकामी. तो ठोकळा मानेला मागून धरतो, तो नाही म्हटल्यावर डोकं चढवल्याबरोबर मान पुढे लोंबली आणि शिंगं जमिनीला टेकली. अध्यक्ष कमरेवर हात ठेवून उभे होते. "बैल उभा तं झाला," ते म्हणाले, "पण याले पाहून वाटते का हा स्वतःच चुलीत जायले तयार आहे." चारही माणसं हसली. मी हसलो नाही. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याची बस धरली.

जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावात शिरेपर्यंत मी मनात वाक्यं जुळवत होतो. काका ओसरीवर बसलेले, गुडघ्यांना तेल लावून. मी बसलोसुद्धा नाही. म्हटलं, "काका, बैलाचे तुकडे बदलले कोणी?" त्यांनी चष्मा शोधला, माझ्या फोनवरचे फोटो एकेक करून पाहिले, आणि मग तोंडातली सुपारी सांडेपर्यंत हसले. "बैल तुह्या बापाचा, अन् चोर मी? बस खाली." मग IX चा फोटो माझ्यासमोर धरून त्यांनी फोन उलटा केला. "वाच आता."

XI. अकरा.

"लाकडाले डोकं-पाय असते का बे? कोण कोणत्या बाजूनं उचलन, काय भरवसा. तुह्या बापाले वजाबाकी चालतच नव्हती. नुसतं मिळवत जाय. दहा अन् एक, इकडून पाय का तिकडून पाय, अकराच. अन् नऊ लिहायचा असला का पाच अन् चार रेघा. तुह्या त्या मशीनीले सांग, शाळा शिकू नको म्हणा." अमान्य ठरलेले सगळे तुकडे खरे होते. खोटं होतं ते जे प्रोग्रामनं बिनशंकेनं मान्य केलं, तेच. मी ज्याच्यावर सगळ्यात कमी संशय घेतला, त्याच नवानं मला फसवलं. मी चहा घेतला. माफी मागितली नाही, कारण काकांनी तेवढी जागाच ठेवली नाही. ते एकसारखे "चोर आला का घरी" असं आतल्या माणसांना ओरडून सांगत होते.

घरी आल्यावर पहिलं काम म्हणजे कॉम्प्युटरच्या टेबलाखाली शिरलो. हे टेबल तुमचंच, मी पहिला जुना कॉम्प्युटर आणला तेव्हा काही न बोलता करून दिलेलं. बोलला होतात ते आधी: "बटणं दाबून काय उभं राहते?" आणि आठवड्यानं टेबल आणून ठेवलंत. मोबाइलचा उजेड पाडून चारही पायांची वरची टोकं पाहिली. I, II, III. चौथ्यावर चार रेघा. इतकी वर्षं याच टेबलावर बसून मी लोकांच्या चुका दुरुस्त करत आलो, आणि माझ्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर हे होतं.

तिथं टेबलाखालीच मला आपल्या स्वयंपाकघरातलं रोमन आकड्यांचं घड्याळ आठवलं, चाराच्या जागी चार रेघा असलेलं. मी शाळेत रोमन आकडे नुकते शिकलो आहे. आई भाकरी थापते आहे, तुम्ही पाटावर बसला आहात, आणि मी घड्याळाकडे बोट दाखवून म्हणतो, "बाबा, हे घड्याळ चुकलं आहे, चार असा नसते." तुम्ही मान वर करत नाही. म्हणता, "वाचू नको रे. मोज." आई हसते. मला राग येतो, कारण मला वाटतं तुम्हाला येत नाही म्हणून तुम्ही असं बोलता.

त्या संध्याकाळी मी प्रोग्राममधून वजाबाकी काढून टाकली. पहाराही काढला. उरली नुसती बेरीज. जगातला कोणताही शिकवणारा हा प्रोग्राम पाहून शून्य मार्क देईल, आणि मीही दिले असते. तो चालवला तर सगळे आकडे आले, एकही बेपत्ता नाही, एकही दोनदा नाही. शनिवारी नऊ छातीत गेला, हातानं, ठोकावा लागला नाही. अकरा वशिंडाखाली बसला. डोकं चढवलं आणि मान ताठ झाली. अध्यक्षांनी बैलाच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "फायबरले हे वजन नसतं आलं." त्यांच्याकडून एवढंच येतं, मी ते घेतलं.

आता संशय. काकांकडून निघताना मी दारात विचारलं होतं की हे बाबांनी कुठे समजावून का नाही ठेवलं, उद्या दुसरा सुतार आला तर तो काय करेल? काका म्हणाले, "मी पण हेच म्हटलं होतं त्याले." मग? "मंग काही नाही. हासला. बिडी पेटवली." बस, तेवढंच. बसमध्ये मला मात्र पोळ्याच्या आधीची ती सकाळ दिसत राहिली. मंडळाची माणसं तुम्हाला बोलवायला घरी येतात. वर्षभर लोक तुम्हाला खाटेचे पाय अन् दाराच्या फळ्या सांगायला रस्त्यातूनच हाक मारतात, पण त्या दिवशी टोप्या घालून, नारळ घेऊन ओसरीवर बसतात. आई चहा करते. तुम्ही आत असता. तुम्हाला काही काम नसतं, मला दिसत असतं. तुम्ही हात धुता, पुसता, परत धुता. धुतलेला सदरा घालता आणि मग सावकाश बाहेर जाता.

लाकूड कुठूनही वाचता यावं म्हणून तुम्ही तसे आकडे कोरलेत, हे काकांचं म्हणणं मला पटतं. सुताराची ती रीत सरळ आहे. पण तेवढंच कारण होतं का, बाबा? शाळेत शिकलेला कोणीही येऊन अकराला नऊ समजून छातीत ठोकत बसेल आणि मान लोंबेल, हे तुम्हाला माहीत नव्हतं, यावर माझा विश्वास बसत नाही.

बैल परत सुटा करताना मी प्रत्येक तुकड्यावर साध्या आकड्याचं छापील स्टिकर चिकटवलं, तुमची खूण झाकली जाणार नाही अशा बेतानं. पुढल्या वर्षी कोणालाही जोडता येईल असं अध्यक्षांना सांगितलं आणि त्यांनी चार लोकांत माझं कौतुक केलं. हे पत्र मी कॉम्प्युटरवर लिहिलं आहे आणि छापणार नाही, लेकीच्या हाती लागलं तर चौकात जाईल. वशिंडाखालच्या ठोकळ्यावर, तुमच्या त्या अकरावर, मी स्टिकर लावलेलं नाही.