मंगलाष्टकांस उभे राहण्याबाबत

मी, गंगाधर रामकृष्ण ओगले, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, शिक्षण मराठी चौथी पास, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचा निवृत्त मुकादम, हल्ली मुक्काम मुलाकडे, नेपरव्हिल, खरे तेच लिहितो.

चि. केदार यास अनेक आशीर्वाद. मॉरिसव्हिलला सर्व क्षेम असेलच. तुझ्या गुडघ्याचे तुझ्या बहिणीकडून (म्हणजे माझ्या घरातूनच) कळते. माझी प्रकृती कमरेच्या वर उत्तम आहे. गेल्या हिवाळ्यात मनाई असता दारातला बर्फ उपसावयास गेलो, घसरलो, मणका दुखावला व पाय कामातून गेले, हे तू जाणतोस. (मनाई मुलाने केली होती. मुलाची मनाई बापाने ऐकावी, असा प्रघात आपल्यात नाही.)

सध्या मला एक यंत्र चढवितात. पायांना बाहेरून धातूचे पाय, कमरेस पट्टा, पाठीस मोटार. ते मला उभे करते व चालविते. व्यायाम शिकविणारे देवांग इथेच जन्मलेले, पण काका म्हणतात. अडचण एवढीच की अंग पुढे झुकविल्याशिवाय यंत्र पाऊल टाकीत नाही. मी मुख्याधिकाऱ्यांपुढेही कधी वाकलो नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मी दिव्याच्या खांबासारखा ताठ, आणि मागून पट्टा धरून देवांग, "काका, थोडं लीन करा ना, मशीनला वाटतंय तुम्हाला जायचंच नाहीये." तुझी बहीण म्हणाली, "मशीनला लवकर कळलं. मला अर्धा संसार लागला." शेवटी किंचित झुकलो (यंत्रापुढे, माणसांपुढे नव्हे) आणि खोलीभर चाललो.

तात्पर्य, नैनाच्या लग्नात तिचे आजोबा मंगलाष्टकांस चारचौघांसारखे उभे राहतील. तसा मी नातीला शब्द दिला आहे. यंत्र व देवांग हॉलवर येतील. मंगलाष्टके रिवाजाप्रमाणे तूच रचून म्हणावीस. कडवी कितीही असोत.

ता. क. कडवी दोनच असावीत. उभा राहिल्यावर थोड्या वेळाने माझा रक्तदाब उतरतो व डोळ्यांपुढे अंधारी येते. कारण कोणास सांगू नये.

पुन्हा ता. क. वरील वाचून तुझी बहीण म्हणते, दोनच कडव्यांत आटोपलेस तर नैना ओळखेल, आणि अंतरपाट सोडून आजोबांकडेच पाहत बसेल. सबब सर्व कडवी म्हण. मला मध्येच बसावे लागेल, आणि बसताना हे यंत्र टीं टीं करते. देवांगांनी मान हलविली की पुढचे कडवे तुझ्या त्या वरच्या पट्टीत घे. त्या पट्टीपुढे मांडवात दुसरे काही ऐकू येत नाही, हा सर्वांचाच अनुभव आहे. त्या पट्टीविषयी मी आजवर जे बोललो, ते या लग्नापुरते मागे घेतो.

समक्ष साक्षीदार: सौ. शुभा गंगाधर ओगले (सही हसत केली). देवांग (मराठी वाचता येत नाही; मान केव्हा हलवावयाची ते समजले आहे).