दारू काढली तरी ८२७

३ फेब्रुवारी
वैजनाथचा फोन. माझा जुना विद्यार्थी, आता इथल्याच कॉलेजात फिजिक्सचा हेड. विज्ञान दिनाला डेमो द्यायचा. रंगला तर शनिवारची कॉम्प्युटर लॅब माझ्याकडे. रंगणारच. रिटायर झाल्यापासून मला कुणी काही विचारत नाही, ते आता थांबेल. विषय: तोफेच्या नळीत दारू जळते, वायूचा दाब गोळ्याला ढकलतो, गोळा तोंडातून किती वेगाने सुटतो. सगळं कॉम्प्युटरवर. धूर नाही, आवाज नाही.

९ फेब्रुवारी
प्रोग्रॅम फोरट्रानमध्येच, माझ्या काळच्या भाषेत. कॉम्प्युटर शिकलेली भाची ऐश्वर्या म्हणाली, "मावशी, हे आता कोणी वापरून न्हाई राहिलं." फॅशन कपड्यांत कर म्हटलं. पहिला रन: गोळा मागे गेला. तोफेला धक्का बसतोच. मॉडेल वास्तववादी आहे.

१५ फेब्रुवारी
समीकरणातलं उणे चिन्ह बदललं. आता वेग प्रकाशापेक्षा जास्त. सकाळी लाइट गेली होती, त्यामुळे असेल. ऐश्वर्या म्हणे, "एकीकडं ग्रॅम, एकीकडं किलो, मावशी." सूर आवडला नाही. दुरुस्त केलं. तिला सांगितलं नाही.

२१ फेब्रुवारी
पुस्तकातलं उत्तर सेकंदाला ८२७ मीटर. माझं ५१२. दारूचा गुणांक वाढवला, ६९०. अजून वाढवला, नळी फुटली. शेवटी प्रोग्रॅममध्ये उत्तराची स्वतंत्र एक ओळ घातली. बरोबर ८२७! याला कॅलिब्रेशन म्हणतात. ऐश्वर्या म्हणाली, "आमच्यात याला दुसरं नाव हाय." विचारलं नाही.

२७ फेब्रुवारी
रंगीत तालीम. ८२७. पुन्हा ८२७. इतकी शिस्तीची तोफ लष्करातही नसेल.

२८ फेब्रुवारी, संध्याकाळी
डेमो चांगला झाला. ८२७ला टाळ्या. मग वैजनाथ म्हणाला, "बाई, दारू निम्मी करून बघता का?" केली. ८२७. मागून उमैमा नावाची आगाऊ पोरगी: "मॅडम, दारूच काढून टाका ना!" काढली. ८२७. नळी आधीची गरम आहे, असं मी शांतपणे सांगितलं. हसणं थांबेना. ऐश्वर्या उठून आली, माझी ती ओळ पुसली, निम्मी दारू घातली. ३४८. पुस्तकात नसलेलं उत्तर, आणि टाळ्या त्याला जास्त.

२ मार्च
वैजनाथ घरी आला. म्हणाला, "बाई, लॅबचंच बोलायचं होतं." मी चहा टाकला. नेहमीचा कोरा नाही, दुधाचा. तो म्हणाला, "शनिवारी ऐश्वर्याला पाठवाल का? तुमी परवानगी दिली तरच."
दिली.

७ मार्च
शनिवार. ऐश्वर्या लॅबला निघाली. दारातून विचारलं, "मावशी, पोरायला काही सांगायचं का?"
म्हटलं, सांग, उत्तर आधी बघायचं नाही.