चौदा नंबर, किनाकिन

१४ जून, मंगळवार

टीव्हीवाले उद्या येणार — नक्की झालं!

काल व्हँकुव्हरचे कॅनक्स हॉकीत हरले, म्हणून उद्या बॉस्टनशी सातवा, शेवटचा सामना. "हरले ते बरं झालं," माझी मैत्रीण इर्मा म्हणाली. "काल जिंकून मोकळे झाले असते तर आपल्याकडे कोण आलं असतं?" बाईला देवाचीही भीती नाही आणि कॅनक्सचीही नाही.

गावाच्या बर्फाच्या रिंकमध्ये मोठा पडदा लावलाय. सगळं गाव एकत्र बसून सामना बघणार आणि सगळा देश आम्हाला बघणार. मार्चमध्ये आमच्या पोरांनी प्रांताचा कप आणला. एवढ्याशा गावाने कसा आणला, हे त्यांना दाखवायचंय. पोरांचा कोच ओर्व्हिल दोन दिवस नवरदेवासारखा मिरवतोय. "हॅरो क्रीक, व्हर्ना! पोस्टमनला सापडत नाही ते आता देशाला सापडणार!"

माझ्याकडे बोर्श्त, आमचं कोबी-बिटाचं सूप. तीन मोठी पातेली. कोबी चिरून चिरून हाताला वास बसलाय.

ओर्व्हिल हळूच म्हणाला, टीव्हीवाले चौदा नंबरचं विचारतील. बोलशील ना? बोलेन म्हटलं. न बोलण्यासारखं काय आहे त्यात? आमच्याकडे खेळणारा पोरगा वारला की त्याचा नंबर कुणी घालत नाही. त्याच्या आईला वाटेल तेव्हा ती स्वतःच्या हाताने दुसऱ्या पोराला जर्सी घालते. पाठीवरचं नाव मात्र गेलेल्याचंच राहतं. माझ्या थोरल्या लॉरनच्या जर्सीला मी बारा वर्षं हात लावू दिला नव्हता. मागच्या शरदात कोल्टनला घातली. दोन हिवाळे माझ्याकडे राहिलेला पोरगा. बाहेरगावची खेळणारी पोरं आमच्याकडे घराघरांत वाटून राहतात, तसा हा परप्रांतातला माझ्या वाट्याला आला. सास्काचेवानचा. खातो बैलासारखा आणि ताट स्वतः धुतो. मी त्याच्या डोक्यातून जर्सी खाली ओढली तेव्हा सगळी रिंक उभी राहिली होती. पाठीवर आमचं आडनाव, किनाकिन, १४.

माझा धाकटा, वेस, नव्हता आला त्या दिवशी. नंतर फोनवर म्हणाला, "चांगलं केलंस," आणि फोन ठेवला. लॉरन सामन्याला जाताना घाटात अपघातात गेला, त्याच आठवड्यात वेसचे स्केट्स मी देऊन टाकले होते. तेरा वर्षांचा होता, रडला खूप. एक मुलगा पुरे झाला, असं मला वाटलं होतं. अजूनही वाटतं.

आता दोघंही व्हँकुव्हरमध्येच आहेत. वेस बांधकामावर, आणि कोल्टन उन्हाळ्यापुरता त्याच्याकडे राहून गोदामात. सप्टेंबरमध्ये कॉलेजच्या टीममध्ये जाणार, फीसुद्धा कॉलेजच भरणार. दोघं एका घरात आहेत याचं मला फार बरं वाटतं.

१५ जून, बुधवार

हरलो. चार-शून्य. घरच्या मैदानावर!

ओर्व्हिल रडला. सत्तरीचा माणूस, टोपीने तोंड झाकून. पोरंही रडली. मग सगळ्यांनी खुर्च्या रचल्या, इर्मा आणि मी भांडी घासली, कुणीतरी बॉस्टनसाठीही टाळ्या वाजवल्या. टीव्हीवाली पाउला चांगली पोरगी, दोन वाट्या बोर्श्त प्यायली. "तुमची मुलाखत झाडाखाली घेऊ, उजेड छान आहे," म्हणाली. तेवढ्यात तिचा फोन वाजला आणि तिचा चेहराच बदलला. दहा मिनिटांत कॅमेरे, तारा, माणसं, सगळं गाडीत. "व्हँकुव्हर पेटलंय," एवढंच म्हणाली.

माझी मुलाखत राहिली. लॉरनबद्दल काय बोलायचं ते मी कालपासून जुळवत होते.

१६ जून, गुरुवार

दिवसभर तेच चित्र. उलटलेल्या गाड्या, आग, फुटलेल्या काचा, आणि पळणाऱ्या पोरांच्या हातात दुकानातल्या वस्तू. हॉकी हरली म्हणून? ज्यांनी आयुष्यात स्केट बांधले नसतील त्यांना कसलं दुःख झालं एवढं?

इर्मा दुपारी आली. बसली नाही. "व्हर्ना, तू बातम्या बघू नकोस." म्हणजे बघायलाच हव्यात.

फोटो पाठमोरा आहे. एक पोरगा लोखंडी खांब उचलून दुकानाच्या काचेवर घालतोय, मागे गाडी जळतेय. अंगात आमची हिरवी जर्सी. पाठीवर नाव लखलखीत. किनाकिन. १४.

क्षणभर मला तो लॉरनच वाटला. तेच खांदे. 

मग डोकं ताळ्यावर आलं. कोल्टन! अरे, काय केलंस हे?

१७ जून, शुक्रवार

फोन थांबत नाही. टोरोंटोहून, ओटावाहून, कुठून कुठून. "मिसेस किनाकिन, तुमचा मुलगा कुठे आहे?"

मी म्हटलं, टेकडीवर. दफनभूमीत.

पलीकडचा माणूस थांबला नाही. "आणि बुधवारी संध्याकाळी तो कुठे होता?"

ऐकतच नाहीत. त्यांना नाव मिळालंय, बस.

संध्याकाळी इर्माच्या मुलीने तिच्या कॉम्प्युटरवर दाखवलं. दाखवायला नको होतं, पण मीच हट्ट केला. टीमच्या जुन्या पानावरून कुणीतरी लॉरनचा फोटो उचललाय. तो हसरा, पुढचा दात पडलेला. खाली लिहिलंय — हाच तो, याला शोधा. हजारो लोकांनी पुढे पाठवलाय. गुंड. देशाची लाज. याच्या आईने याला हेच शिकवलं का?

आमच्या घराण्यात तीन पिढ्या कुणी बंदूक हातात धरलेली नाही. बंदूक नाकारली म्हणून याचे पणजोबा तुरुंगात गेले. आणि हा माझा लॉरन, सामना संपल्यावर समोरच्या गोलकीपरलाही मिठी मारणारा!

मेलेल्या पोराला किती वेळा मारायचं?

१८ जून, शनिवार

ओर्व्हिल, इर्मा आणि आणखी चारपाच जण माझ्या स्वयंपाकघरात. सगळ्यांचं एकच — बोल.

"तो आपला नव्हताच," इर्मा म्हणाली. "सास्काचेवानचा. आपण खाऊ घातलं, नाव दिलं, आणि त्याने त्या नावाने काचा फोडल्या. गप्प बसशील तर लॉरन गुंड ठरेल. आणि त्याच्यासोबत सगळं गाव."

"टीव्हीने गाव दाखवलं शेवटी," ओर्व्हिल म्हणाला. "असं दाखवलं." 

मी विचारलं, तो कोल्टनच असेल कशावरून?

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चौदा कुणाचा आहे हे हॅरो क्रीकमध्ये शेंबडं पोरही सांगेल. आम्ही माणसं नंबरानेच ओळखतो. चेहऱ्यावर जाळी असते ना!

वेसला फोन केला. "कोल्टन आहे का रे तिथे?"

"कामावर गेलाय."

"बुधवारी तो होता ना तिथे? खरं सांग."

"आई, मला काही विचारू नकोस. पाया पडतो तुझ्या."  मित्राला धरून राहतोय बिचारा. मला त्याचा अभिमानही वाटला आणि रागही आला.

१९ जून, रविवार

कोल्टनला पाच वेळा फोन लावला. शेवटी उचलला. मी म्हटलं, बाळा, तू स्वतःहून पोलिसांकडे जा, मी येते सोबत.  तो म्हणाला — "मिसेस के, तुम्हाला जे करावंसं वाटतंय ते करा. मी रागावणार नाही."

नाकारलं नाही. एकदाही "मी नव्हतो" म्हणाला नाही.

२० जून, सोमवार

पाउला परत आली. या वेळी बोर्श्त नको म्हणाली, घाई आहे.

त्याच झाडाखाली उभं केलं मला. लॉरनचा फोटो छातीशी धरायला लावला. मी बोलले. हा माझा मुलगा, बारा वर्षांपूर्वी घाटात गेला. त्याने आयुष्यात कुणाची काच फोडली नाही. त्याचा नंबर मागच्या शरदात मी माझ्या हाताने कोल्टन रिस्क नावाच्या मुलाला दिला होता.

"म्हणजे फोटोतला तोच?"

"चौदा नंबर त्याचाच आहे."

पाउलाने माझा हात दाबला. "फार धीराच्या आहात." मी हात सोडवून घेतला.

रात्रीच्या बातम्यांत सगळ्या देशाला दिसले. गावातल्यांनी फोन करून करून सांगितलं — बरं केलंस, व्हर्ना.

२१ जून, मंगळवार

लॉरनचे फोटो गायब. आता सगळीकडे कोल्टन.

२३ जून, गुरुवार

पोलिसांनी त्याला बोलावलं. तो गप्प. वकील सांगतो तेवढंच बोलतो म्हणे. कॉलेजने पत्रक काढलंय — त्याची जागा रद्द. गोदामातलं कामही गेलं. सास्काचेवानला त्याच्या बापाच्या ट्रकवर रंगाने काहीबाही लिहिलंय लोकांनी. शहराने आग लावली आणि देश आता दोन खेड्यांच्या मागे लागलाय.

रिंकमधल्या भिंतीवरून त्याचा फोटो उतरवला. कप हातात घेतलेला, केस घामाने चिकटलेले. ओर्व्हिलने स्वतः उतरवला आणि कुठे ठेवायचा ते न सुचून हातात धरून उभा राहिला. शेवटी मीच घेतला आणि घरी आणला. फेकवला नाही.

२६ जून, रविवार

त्याच्या आईचा फोन. रॉक्सॅन. दोन हिवाळे आम्ही दर रविवारी बोलायचो — तो खातो का, झोपतो का, मुलगी बघितलीय का कुठली.

मला वाटलं शिव्या देईल. दिल्या असत्या तर सोपं झालं असतं.

"व्हर्ना, माझा मुलगा मला काहीच सांगत नाही. विचारलं की उठून बाहेर जातो. तो दोन वर्षं तुझ्या घरात राहिला, आता तूच त्याला माझ्याहून जास्त ओळखतेस. मला फक्त एक सांग. तुला खरंच वाटतं का की तो असं करेल?"

काय सांगणार होते? तळघरात शिरलेलं चिचुंद्र त्याने बादलीत पकडून शेतात नेऊन सोडलं होतं. लॉरन गेला त्या तारखेला माझ्यासोबत टेकडीवर येऊन, न सांगता बर्फ साफ करायचा. नाही वाटत, रॉक्सॅन. अजिबात नाही वाटत.

पण मी म्हटलं, "नंबर त्याचाच होता."

ती म्हणाली, "बरं." मग म्हणाली, "तुझ्या लॉरनबद्दल जे लिहिलं लोकांनी, त्याचं मला फार वाईट वाटलं होतं." आणि ठेवला फोन.

मी अर्धा दिवस त्या खुर्चीतून उठले नाही.

२८ जून, मंगळवार

इर्मा चेरीचा केक घेऊन आली. म्हणाली, आता तरी विसर, लॉरनचं नाव निर्मळ झालं. तिला म्हटलं, केक घेऊन जा. गेली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा तिला दारातून परत पाठवलं.

१ जुलै, शुक्रवार

देशाचा दिवस. सगळीकडे झेंडे. मी घरातच होते. वेसला तीनदा फोन केला, उचलत नाही.

३ जुलै, रविवार

वेस आला. न कळवता, आठ तास गाडी चालवून. स्वयंपाकघरात उभाच राहिला.

"आई, तो मी होतो."

कोल्टन त्या संध्याकाळी तापाने घरीच पडून होता. पोलिसांकडे जायला वेस दुसऱ्याच दिवशी निघाला होता, पण कोल्टनने दार अडवलं. म्हणाला, मिसेस केंचा एक मुलगा गेलाय, दुसरा असा जाऊ नये, मी निभावतो. आणि वेसने त्याला निभावू दिलं. सतरा दिवस! माझ्या या मुलाने निभावू दिलं, आणि मी देशासमोर उभी राहून मदत केली.

मी रॉक्सॅनला फोन केला. ती ऐकत होती आणि मी सांगत होते, आणि वेस जमिनीवर बसून रडत होता. आता आम्ही दोघं पोलिसांकडे निघालोय. पाउलालाही सांगायचंय. त्याच झाडाखाली, त्याच कॅमेऱ्यासमोर.

दाराशी कोट घालताना मी त्याला विचारलं, काचा फोडल्यास त्या फोडल्यास, पण ती जर्सी का घातलीस रे?

"कोल्टनकडे मागितली, एका दिवसापुरती," तो म्हणाला. "माझ्या भावाची होती, आई. तू मला कधी दिलीच नाहीस."